दुसऱ्या भाषेचा तास : सात नियम आणि त्यामागची कारणे

उर्दू माध्यमातून दहावी पास झालेल्या मुलाची खरी परीक्षा पुष्कळदा अकरावीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. तालुक्याच्या गावी दहावीपर्यंत उर्दू शाळा मिळते. पण पुढे उर्दू माध्यमाचे कनिष्ठ महाविद्यालय जवळपास असेलच असे नाही. मग कालपरवापर्यंत इतिहास आणि विज्ञान उर्दूत शिकलेला मुलगा एकदम मराठी किंवा इंग्रजी वर्गात जाऊन बसतो. हुशार असतो, उत्तर येत असते, पण हात वर करत नाही. मुलींच्या बाबतीत तर "तिला जमत नाही, राहू द्या घरी" हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते. प्रत्यक्षात ती भूगोलात किंवा अर्थशास्त्रात कमी पडलेली नसते. ती भाषेपाशी अडलेली असते.

म्हणून आठवी ते दहावीचा मराठीचा तास हा "पास होण्यापुरता" विषय नाही, हे मी सेलूतल्या पालकांना दरवर्षी सांगते. जून महिन्यात पालक वह्या किती पानी घ्यायच्या, कव्हर कोणत्या रंगाचे हवे, हे आवर्जून विचारतात. भाषेच्या तासाला मुलाने काय करणे अपेक्षित आहे, हे मात्र क्वचित कोणी विचारते.

अमेरिकेत अनेक हायस्कुलांत स्पॅनिश ही दुसरी भाषा म्हणून शिकवतात. तिथले शिक्षक वर्षाच्या सुरुवातीलाच एक नियमपत्रक घरी पाठवतात. तासाला कोणती भाषा बोलायची, गृहपाठ उशिरा दिला तर काय, गैरहजर राहिल्यास बुडालेला अभ्यास कसा भरून काढायचा, गुण कशाला मिळतील, हे सारे त्यात असते. पालक ते वाचून सही करतात. त्यामुळे वर्षअखेरीस "आम्हाला सांगितलेच नव्हते" असे कोणी म्हणत नाही. ही पद्धत आपल्याकडे आणायला पैसा लागत नाही, एक कागद लागतो. मराठीच्या तासासाठी असा कागद कसा असावा, ते पुढे देत आहे.

त्याआधी गुणांचा हिशेब समजून घेऊ. उर्दू माध्यमात उर्दू प्रथम भाषा, मराठी द्वितीय भाषा. मराठी माध्यमाची मुले दहावीला "कुमारभारती" वाचतात, आपली मुले "अक्षरभारती". शंभरपैकी ८० गुण लेखी कृतिपत्रिकेचे आणि २० शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. हे वीस गुण किती मोलाचे आहेत ते २०१९ साली महाराष्ट्राने पाहिले. त्या वर्षी भाषांचे अंतर्गत गुण बंद केले होते आणि राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत सुरू झाले. पण हे गुण फुकटचे नाहीत. ऐकणे, बोलणे आणि स्वाध्याय यांचे ते गुण आहेत आणि ही तिन्ही कामे वर्षभराची आहेत.

नियम पहिला : तासाला मराठीतच बोलायचे, पण चुकीची भीती न बाळगता

चाळीस मिनिटे मराठी. पाणी प्यायला जायचे असले तरी मराठीत विचारायचे. शब्द अडला तर उर्दू शब्द घालून वाक्य पुरे करायचे, गप्प बसायचे नाही. कोणी चुकले तर वर्गाने हसायचे नाही. हा नियम मोडणाऱ्याला मी पुढची पाच वाक्ये मराठीत बोलायला लावते. हसू आपोआप थांबते.

मराठीत "शिक्षा" म्हणजे दंड आणि हिंदीत "शिक्षा" म्हणजे तालीम. भाषेच्या वर्गात दुसरा अर्थ चालतो, पहिला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. तो कायदा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असला, तरी नववी-दहावीची मुले काही दगडाची नसतात.

नियम दुसरा : घरच्या बोलीची लाज बाळगायची नाही

आपल्या घरांत शुद्ध किताबी उर्दू थोडीच बोलतात? आपण दखनी बोलतो. "मैंच जाती", "नक्को", "वैसाच है" ही आपली बोली. त्यातला जोर देणारा "च" मराठीतून आलेला आहे आणि "नक्को" म्हणजे मराठीचे "नको". ज्या मुलीची अम्मी रोज "नक्को" म्हणते, तिच्या घरात मराठी आधीच येऊन बसली आहे. हीच दखनी एकेकाळी गोवळकोंडा आणि विजापूरच्या दरबारांत शायरीची भाषा होती, आणि उर्दू गझलेचा पाया घालणारे वली हे आपल्या औरंगाबादचे.

उलट बाजूही पाहा. दप्तर, हजेरी, शाई, कागद, दौत, तारीख, सही, रजा, शिस्त हे मराठी शाळेतले रोजचे शब्द फार्सी-अरबीतून आलेले आहेत. मराठीचे वही-पुस्तक उघडले की आपल्या मुलाला निम्मी ओळखीची माणसे भेटतात. प्रा. यू. म. पठाण यांनी फार्सी आणि मराठी यांच्या नात्यावर आयुष्यभर काम केले, संतसाहित्याचे ते मोठे अभ्यासक, आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी "त्यांची" आणि उर्दू "आपली" ही वाटणी मुलांच्या डोक्यात घालण्याआधी एवढे आठवावे.

नियम तिसरा : चुकांची वेगळी वही

प्रत्येकाने शंभर पानी वही फक्त चुकांसाठी ठेवायची. चूक, दुरुस्त रूप आणि एक नवे वाक्य. उर्दू माध्यमाच्या मुलांच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात आणि त्यांना कारणे असतात.

उर्दूत दोनच लिंगे. मराठीत तिसरे नपुंसकलिंग. उर्दूत "किताब" स्त्रीलिंगी, म्हणून मूल "माझी पुस्तक" लिहिते. उर्दू लेखनात जेर, जबर, पेश बहुधा गाळतात; वाचणारा अंदाजाने वाचतो. ती सवय घेऊन मूल मराठीत आले की ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी त्याला बिनमहत्त्वाची वाटते. "दिन" म्हणजे दिवस आणि "दीन" म्हणजे गरीब, हा फरक त्याला फळ्यावर दाखवावा लागतो. "ळ" आणि "ण" उर्दूत नाहीत, म्हणून "बाळ"चे "बाल" होते. "हम" एकच, मराठीत मात्र ऐकणाऱ्याला धरून "आपण" आणि त्याला वगळून "आम्ही". "खाली" म्हणजे उर्दूत रिकामे आणि मराठीत तळाशी. "डबा खाली आहे" असे मूल म्हणाले, तर त्याला जेवायला हवे आहे की डबा बाकाखाली पडला आहे, हे विचारून घ्यावे लागते!

पालकांना ही वही तपासता येत नसेल तरी हरकत नाही. आठवड्यात किती पाने भरली एवढे पाहावे. कोरी वही म्हणजे मूल चुकत नाही असे नव्हे. मूल लिहीत नाही असा त्याचा अर्थ.

नियम चौथा : गृहपाठ त्याच दिवशी, उशीर झाला तर एक दिवसाची सवलत

भाषेचा गृहपाठ दहा ओळींचाच असतो, पण रोज असतो. रोजच्या दहा ओळी आणि रविवारी एकदम सत्तर ओळी हे गणितात सारखे, भाषेत नाही. एक दिवस उशीर चालेल. त्यापुढे वही तपासली जाईल, पण स्वाध्यायाचे पूर्ण गुण मिळणार नाहीत.

नियम पाचवा : गैरहजेरीचा अभ्यास भरून द्यायचा

आजारपण, लग्न, ईद, कापूस वेचणीचे दिवस, कुणाच्या घरी ऊसतोडीला जाणे, ही आपल्या भागातली खरी कारणे आहेत. ती नाकारून उपयोग नाही. जितके दिवस गैरहजेरी, परत आल्यावर तितकेच दिवस मुदत. वर्गात प्रत्येकाला एक जोडीदार नेमलेला असतो, त्याच्याकडून पाठ समजून घ्यायचा. रमजानमध्ये गृहपाठ कमी देते, पण बंद करत नाही. सहरीनंतरची पंधरा मिनिटे वाचनाला फार चांगली असतात.

मुलींबद्दल एक विनंती. पाहुणे आले म्हणून आठवीतल्या मुलीला घरी ठेवणे, ही आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी आणि रजेच्या अर्जात कधीच न लिहिली जाणारी गैरहजेरी आहे. पाहुण्यांचा चहा तिच्या भावालाही करता येतो.

नियम सहावा : गाइड आणि मोबाइलचे उत्तर चालणार नाही

मोबाइलवर उर्दू वाक्य टाकले की मराठी वाक्य तयार मिळते. अर्थ समजून घ्यायला ते वापरावे, शब्दकोशासारखे. पण उत्तर म्हणून उतरवले तर गुण नाहीत, कारण परीक्षेच्या खोलीत मोबाइल नसतो आणि तहसील कार्यालयाच्या खिडकीपुढेही प्रत्येक वेळी उपयोगी पडत नाही. निबंध घरून पाठ करून आणलेला असेल, तर मी त्याच विषयावर दोन मिनिटे बोलायला सांगते. ज्याने स्वतः लिहिले तो बोलतो.

नियम सातवा : महिन्याला एक खरा कागद

उपयोजित लेखनात पत्र, बातमी, जाहिरात असते. ती काल्पनिक लिहिण्याऐवजी महिन्यातून एकदा खरी लिहायची. नळाला पाणी येत नाही म्हणून नगरपरिषदेला अर्ज, शिष्यवृत्तीसाठी विनंती, रेशनकार्डावरील नावाच्या दुरुस्तीचा अर्ज. दादा-दादींसाठी पेन्शनचा अर्ज नववीच्या नातीने लिहिला की घरात तिची किंमत वाढते आणि मराठीचीही. पुढे पोलिस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते, तलाठी भरतीत मराठीचे प्रश्न असतात. तिथे आपली मुले कमी दिसतात, त्याची अनेक कारणे आहेत. पण हे एक कारण आपल्या हातातले आहे.

आता मराठी आणि इंग्रजी माध्यमात मुले घालणाऱ्या पालकांकडे वळते. तुमच्या घरी नेमका उलटा प्रश्न आहे : मूल मराठी सफाईने लिहिते, पण दादांचे उर्दू पत्र त्याला वाचता येत नाही. हेच सात नियम घरच्या उर्दूला लावा. "ज" या एका उच्चाराच्या जवळ उर्दूत जीम सोडून जे, जाल, जाद, जोए अशी चार अक्षरे आहेत; चुकांची वही तिथेही लागेलच. उर्दूचा उपयोग फक्त भावनेपुरता नाही. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, सरकारी कामकाज उर्दूत चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचे शिक्षणही उर्दूतून मिळे. त्या काळी मराठी घरांतली हिंदू मुलेही उर्दू शिकून वकील आणि मास्तर झाली. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यातील जुन्या नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. जी लिपी आपण घरात टिकवत नाही, ती पुढे सरकारलाही शोधून सापडत नाही.

कायद्याचे सांगायचे तर, महाराष्ट्राने २०२० साली सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण सक्तीने पुस्तक दप्तरात येते, भाषा जिभेवर येत नाही. ती येते गरजेने आणि आपुलकीने. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना रसूलुल्लाह (स.) यांनी पत्रव्यवहारासाठी दुसऱ्या समाजाची लिपी शिकायला सांगितले आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली, ही गोष्ट आपण मुलांना सांगतोच. शेजाऱ्याची भाषा शिकणे म्हणजे आपली सोडणे, असे त्यांनी मानले नाही.

स्पॅनिश भाषेत साखरेला "आसुकार" म्हणतात. तो शब्द अरबी "सुक्कर"वरून गेला, अरबीत तो फार्सी "शकर"वरून आला, आणि त्याचे मूळ संस्कृत "शर्करा", जिथून आपली "साखर" आली. एक शब्द एवढा प्रवास करतो आणि कोणत्याही घरी परका होत नाही. मुलांना हे सांगा. मग वरचे सात नियम एका कागदावर उतरवा, खाली मुलाची आणि तुमची सही करा आणि अभ्यासाच्या जागी चिकटवा. आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मराठीच्या शिक्षकांना भेटा. वहीच्या कव्हराचा रंग विचारायला नव्हे. आपले मूल वर्गात बोलते की नाही, हे विचारायला.