ड्रायर गरम, कपडे आंबटओले

तास-दीड तास ड्रायर फिरतो, दार उघडलं की गरम वाफ तोंडावर येते आणि जीन्सचा कंबरपट्टा, टॉवेलची किनार अजून आंबटओलीच. अशा वेळी बहुतेक घरांत निदान ठरलेलं असतं: हीटर गेला. मुंबई-कोकणात आणखी एक आरोपी हाताशी असतो, पाऊस. हवाच एवढी दमट, मशीन तरी काय करणार? हे दोन्ही आरोप बहुधा खोटे ठरतात.

आधी पावसाचं पाहू. जुलैतली मुंबईची हवा २८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेची धरू. तिच्यात आणखी बाष्प मावायला फारशी जागाच नसते, म्हणून दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पण हीच हवा, तिच्यातला पाण्याचा थेंबही न काढता, ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांच्या आसपास उतरते. विदर्भातली मे महिन्यातली दुपार अशीच कोरडी असते. ड्रायरला एवढं पुरेसं आहे. अट एकच: बाष्पाने भरलेली हवा बाहेर गेली पाहिजे आणि तिच्या जागी दुसरी आली पाहिजे. ड्रायर कपडे भाजत नाही, हवा बदलतो. उष्णता फक्त त्या हवेची तहान वाढवते.

म्हणून बंद बाथरूममध्ये ठेवलेला, दमट हवा तिथेच सोडणारा ड्रायर हमखास हरतो. कपड्यांतून निघालेलं दोन लिटर पाणी तो खोलीत सोडतो आणि पुन्हा तीच हवा ओढून घेतो. बाहेर मुसळधार पाऊस असला तरी खिडकी उघडायची. बाहेरची हवा त्या कोंडलेल्या खोलीपेक्षा कोरडीच असते.

आता हीटर. ड्रायरमधल्या हवेची वाट जागोजागी तुंबते. कपड्यांतून सुटणारी लव जाळीत साठते, पाइप मशीनमागे भिंतीला दाबून चपटा होतो, बाहेरच्या तोंडाशी कबुतरं काड्या आणून ठेवतात. हवा सरकेनाशी झाली की हीटरभोवतीचं तापमान झपाट्याने चढतं. तिथे बसवलेला थर्मोस्टॅट आपलं काम करतो आणि हीटर बंद पाडतो. थोडं थंड झालं की चालू, पुन्हा बंद. परिणाम उफराटा: आतला भाग प्रमाणाबाहेर तापतो म्हणून कपडे ओले राहतात. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस थर्मल फ्यूज कायमचा उडतो. मग मेकॅनिक येतो, फ्यूज बदलतो, मशीन सुरू होतं आणि काही दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. फ्यूज बदलला, पण तुंबलेली वाट कोणी साफ केली?

जाळी दिसायला स्वच्छ असली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. तिच्यावर नळाचं पाणी सोडून बघा. आरपार न जाता साचलं, तर कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा मेणचट थर बसलेला आहे. साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासला की निघतो. ज्यातून पाणी जात नाही त्यातून हवाही नीट जात नाही.

कित्येकदा मात्र दोष ड्रायरचा नसतोच, तो धुण्याच्या मशीनचा असतो. चार किलो सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तर त्यांत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी उरतं, १४०० फेऱ्यांवर सुमारे दोन लिटर. फेऱ्या पावणेदोनपट, पण पाणी बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तिप्पट. उरलेल्या प्रत्येक लिटरची वाफ करायला साध्या हीटरच्या ड्रायरला किमान दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. पिळण्याला त्यामानाने काहीच लागत नाही. एकटी जाड चादर टाकली की ड्रमचा तोल जातो आणि मशीन आपणहून फेऱ्या कमी करतं. सोबत दोन टॉवेल टाकले की हा प्रश्न बऱ्याचदा सुटतो. सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबला आपण ड्रायर म्हणत असलो तरी त्यात हीटर नसतो, तो फक्त पिळतो. तिथे कपडे चिंब राहिले तर आधी पाणी जाणारा पाइप जमिनीपासून उचलला गेलाय का ते पाहायचं.

धुणं आणि सुकवणं एकाच ड्रममध्ये करणाऱ्या मशीनची तऱ्हा वेगळी. आठ किलो धुणारं मशीन बहुधा पाचच किलो सुकवू शकतं. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. यातली अनेक मशीन वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. धुणं झाल्यावर नळ बंद केला, किंवा मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं असलं, की वाफेचं पाणी नीट होत नाही आणि कपडे आतल्या आत ओलसर राहतात.

ड्रायर वेळेआधीच थांबत असेल तर ड्रममधल्या धातूच्या दोन पट्ट्या पुसा. ओला कपडा त्यांना टेकला की अगदी क्षीण प्रवाह वाहतो, त्यावरून मशीनला ओल कळते. पट्ट्यांवर तोच मेणचट थर चढला की ओला कपडाही त्याला कोरडा वाटतो. चादरीच्या पोटात गुंडाळलेले मोजे त्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाहीत, ही आणखी एक गंमत. आणि निकाल देण्याची घाई नको. नुकताच काढलेला गरम कपडा हाताला दमट लागतो. झटकून पाच मिनिटं पसरा, मग ठरवा. खरोखर ओल असेल तर मात्र घडी घालू नका. धुतलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासामागे मुख्यतः मोराक्सेला हे जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, आणि त्यांना ओल आवडते.

एवढं सगळं करून ड्रम फिरतोय, हवा बाहेर येतेय, पण ती गारच आहे, तर हीटर किंवा फ्यूज गेला असं खुशाल म्हणा आणि मेकॅनिकला बोलवा. मात्र त्याने ‘फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो’ म्हटलं तर ठाम नकार द्या. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत असल्याचा अंदाज मांडला होता, आणि साफसफाई न करणं हे त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं. लव बरीचशी कापसाचीच असते, भुरकन पेटते. तो छोटासा फ्यूज तुमचं घर वाचवण्यासाठी तिथे बसवलेला आहे.