ऑक्झेंडनला दिसलेला तराजू

दर ६ जूनला एक इंग्रज आपल्या मोबाइलवर हजर होतो. हेन्री ऑक्झेंडन. ‘राज्याभिषेक पाहून गोराही थक्क झाला!’ यंदाही मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो फिरलाच. थक्क झाला हे खरं. पण कशानं?

मुळात तो सोहळ्यासाठी आलाच नव्हता. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांची वखार लुटली. त्याची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मिळवायला मुंबईचा गव्हर्नर ऑंजियर यानं मे १६७४ मध्ये याला रायगडावर धाडलं. गडावर या पाहुण्यांना रोज मटण लागे. ते पुरवणारा म्हातारा खाटीक असलं गिऱ्हाईक एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून रायगड चढून आला, असं फ्रायर या इंग्रज डॉक्टरनं लिहिलंय. अभिमानाच्या पोस्टमध्ये हा खाटीक कधीच नसतो. मला तो फार आवडतो.

६ जूनला सकाळी सात-आठच्या सुमाराला ऑक्झेंडन दरबारात गेला. दुभाषा नारायण शेणवी यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांचं लक्ष गेलं आणि या पाहुण्यांना सिंहासनाजवळ बोलावलं गेलं. तिथे ऑक्झेंडननं नीट पाहून घेतलं. एका बाजूला भाल्यांवर मोठ्या दातांच्या सोन्याच्या माशांची डोकी. दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू. हे न्यायाचं चिन्ह, अशी नोंद त्यानं केली. बाहेर पडताना दारात दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे दिसले. इतक्या बिकट वाटेनं ही जनावरं वर आणली कशी, याचं त्याला नवल वाटलं.

एवढंच. राष्ट्राभिमानाची स्तुतिस्तोत्रं त्यात नाहीत. हा व्यापाऱ्याचा डोळा आहे, आणि म्हणूनच त्याची साक्ष भाटाच्या कवनापेक्षा मोलाची. त्या तराजूचा कडकपणाही त्याला कळला असणार. बुडालेल्या जहाजांवरचा माल परत मिळावा, ही मागणी महाराजांनी किनाऱ्याच्या जुन्या रिवाजावर बोट ठेवून नाकारली. आपण मात्र गोऱ्याच्या शिफारसपत्रावाचून अजून खूश होत नाही, हा आपला जुना आजार.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर येत नाही. त्या दिवशी आपला हा मीरा-भाईंदरचा किनारा स्वराज्यात नव्हताच. १६७२ मध्ये घोडबंदरवर झालेला मराठ्यांचा हल्ला पोर्तुगीजांनी परतवला होता. ते मराठ्यांच्या हाती आलं १७३७ मध्ये, वसईच्या मोहिमेत. म्हणजे राज्याभिषेकानंतर ६३ वर्षांनी. रायगड लांब आहे, पण घोडबंदरचा किल्ला आपल्याच पालिकेच्या हद्दीत आहे. शाळा उघडल्या की शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावं आणि ऑक्झेंडनची हकिकत पूर्ण वाचून दाखवावी. फ्रायरचा खाटीकही वगळू नये.