पिकते तेथे विकत नाही

सीताबर्डीवरील फळांच्या गाडीकडे पाहिले की हल्ली प्रथम डोळ्यांत भरतात ती अंगावर नाममुद्रेची चिठ्ठी मिरवणारी किवीची फळे आणि परदेशी सफरचंदे. संत्री असतात, पण बाजूला, ढीग लावून. आजाऱ्याच्या भेटीस जाताना नागपूरकर पूर्वी संत्री-मोसंबी नेत असे. आता अनेक घरांत किवीवाचून भेट अपुरी वाटते. डेंग्यूच्या साथीत तर रक्तातील पेशी वाढवणारे फळ म्हणून किवीला भलताच मान चढतो. क जीवनसत्त्वच हवे असेल तर आपल्या पेरूत ते किवीच्या दुपटीहून अधिक असते, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही.

आयातीवरील उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले आणि परदेशी फळांची वाट मोकळी झाली. तेव्हापासून ‘आपले खाणे बिघडले’ असा गळा काढणारे पुष्कळ झाले. त्यांच्याशी पूर्णपणे सहमत होणे कठीण आहे. एकादशीच्या फराळातील साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची यांपैकी एकही पदार्थ मूळचा या भूमीतला नाही; सारे अमेरिका खंडातून आले आणि उपवासालाही चालू लागले. खुद्द नागपूरचे संत्रे तरी येथले कोठे? अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून त्याची कलमे आणविली, असे सांगितले जाते. तेव्हा परकेपणा हा दोष नव्हे. आलेला पाहुणा येथल्या मातीत रुजतो की येथल्या शेतकऱ्याला डावलून केवळ दुकानात येऊन बसतो, हा खरा प्रश्न आहे.

या बाबतीत किवीचाच इतिहास उद्बोधक आहे. हे फळ मूळचे चीनचे. १९०४ साली त्याचे बी न्यूझीलंडमध्ये गेले. तेथील बागाईतदारांनी ते जोपासले. १९५९ साली निर्यातीसाठी त्याला ‘किवी’ हे सुटसुटीत नाव दिले. प्रतवारी, शीतगृहे आणि जहाजवाहतूक यांची साखळी उभारली. दुसऱ्याचे फळ त्यांनी कष्टाने आपले केले आणि जगाला विकले.

आपण अर्ध्या वाटेवर थांबलो. काटोल-नरखेड आणि वरूड-मोर्शीच्या मातीत संत्रे रुजले. नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ साली सुरू झाले. २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु मानांकनाचा कागद फळाला टिकवीत नाही. सैल सालीचे हे नाजूक फळ लवकर खराब होते, आणि त्याचा रस काढून ठेवला तर काही वेळाने कडवट होतो. म्हणून मोठा प्रक्रिया उद्योग उभारणे सोपे नाही. संत्रा उत्पादकांच्या संघटनेचेच आद्याक्षरी नाव धारण करणारा ‘नोगा’ हा जुना प्रयत्न आहे. पण अफाट पिकापुढे तेवढा पुरत नाही. भिस्त राहिली ती बांगलादेशच्या बाजारावर. त्या देशाने २०१९ साली किलोमागे सुमारे २० रुपये असलेले आयातशुल्क वाढवीत नेले आणि २०२३ मध्ये ते ८८ रुपयांवर पोचविले. तेव्हा आंबिया बहराचे फळ उतरत असतानाच कळमन्याचे भाव कोसळले. शेजारच्या देशाने दार लोटून घेतले की वऱ्हाडातील घरांत लग्ने पुढे ढकलली जावीत, याइतकी परस्वाधीनता कोणती?

उपाय केवळ सरकारने करावयाचे नाहीत. बागेजवळ प्रतवारी व शीतसाखळी, कमी बियांच्या वाणांचा प्रसार, ही कामे शासनाची आणि उत्पादक संघांची. पण गिऱ्हाईकही आपणच आहोत. शालेय पोषण आहारात अंड्याला पर्याय म्हणून केळे देण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली केला होता. मग विदर्भातील शाळांत आंबिया आणि मृग या दोन्ही बहरांच्या दिवसांत मुलांच्या हाती संत्रे का पडू नये? सवय लागते ती त्याच वयात.

किवी जरूर खावी. जिभेला सीमा नसतात. मात्र सात समुद्रांपलीकडचे फळ ताजे पोचते आणि पंचवीस कोसांवरचे बांधावर सडते, हे ज्या शहराला संत्रानगरी म्हणवून घ्यावयाचे आहे त्याला भूषणावह नाही.