जंतुनाशकांची कसोटी आणि गेपर्टचा विसरलेला आक्षेप

कॅन्डिडा ऑरिस या बुरशीचे वर्णन 2009 मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातील नमुन्यावरून प्रथम झाले आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा समावेश सर्वाधिक धोकादायक बुरशींच्या गटात केला. फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला ती सहसा दाद देत नाही. शिवाय कोणतेही लक्षण न दाखवता ती रुग्णाच्या काखेत वा जांघेत महिनोन्महिने मुक्काम ठोकते. म्हणूनच क्लोरहेक्सिडीन, पोविडोन-आयोडीन यांसारख्या त्वचेवर लावायच्या जंतुनाशकांचा नव्याने कस पाहिला जात आहे. औषध बहुधा पेशीतील एकाच रेणूला लक्ष्य करते व तो रेणू बदलला की निष्प्रभ ठरते. आयोडीन मात्र एकाच वेळी अनेक रेणूंवर तुटून पडते.

तथापि, बुरशी खरोखर मेली की नुसतीच दबली, हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. रॉबर्ट कॉख यांनी 1881 मध्ये रेशमी धाग्यांवर अँथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे त्या जिवाणूची चिवट सुप्तरूपे, वाळवून ते धागे निरनिराळ्या द्रावणांत बुडवले आणि पोषक माध्यमावर ठेवले असता मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे संयुग अत्यंत प्रभावी ठरले. 1889 मध्ये जर्मनीतील बॉनचे संशोधक गेपर्ट यांनी दाखवून दिले की धाग्यांना चिकटलेला पारा माध्यमातही वाढ रोखून धरत होता. अमोनियम सल्फाइडने तो निष्क्रिय करताच मृत मानलेले बीजाणू खुशाल उगवले. कॉख पाठ्यपुस्तकांत अजरामर झाले, गेपर्ट यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल; कारण आजही चाचणीत ठरलेली मिनिटे संपताच आयोडीनवर थायोसल्फेट, तर क्लोरहेक्सिडीनवर लेसिथिन व पॉलिसॉर्बेट घालून त्यांचा प्रभाव थांबवल्यावरच उरलेल्या बुरशीची मोजणी होते.

हातांवर चोळायच्या द्रावणाने यीस्टची, म्हणजे एकपेशीय बुरशीची, संख्या दहा हजार पटींनी घटवावी, अशी युरोपीय मानक 13624 ची अपेक्षा आहे. जाहिरातीतील ‘99.9 टक्के’ म्हणजे केवळ हजारपट घट असून एक कोटी पेशींपैकी दहा हजार त्यातूनही वाचतात. त्यातच घाम व त्वचेवरील तेलकट थर ही परिस्थिती परीक्षानळीत पुरती उभी करता येत नाही. क्लोरहेक्सिडीनने नियमित अंग पुसूनही काही रुग्णांच्या त्वचेवर कॅन्डिडा ऑरिस टिकून राहिल्याचे आढळले आहे. त्यामुळे परीक्षानळीतील यश हा केवळ प्रवेश-परवाना होय. रुग्णाचे विलगीकरण, हातांची स्वच्छता आणि खाटेभोवतीच्या पृष्ठभागांचे निर्जंतुकीकरण यांना जंतुनाशकाची बाटली पर्याय ठरू शकत नाही.