दुखणे सांगता येत नाही तेव्हा

मानसशास्त्राच्या तासाला बौद्धिक अक्षमता हा विषय निघाला, तेव्हा वर्गाचे लक्ष बुद्ध्यंकाच्या आकड्यांकडे होते. मला मात्र निराळाच प्रश्न पडला. अशा माणसाचे पोट दुखले, तर ते डॉक्टरांना कळते कसे? ते ओळखायला त्यांना कोणी शिकवते काय?

पुष्कळदा कळत नाही. रोगी ओरडतो, डोके आपटतो, जेवत नाही. डॉक्टर म्हणतात, "मतिमंद आहे, असेच करणार." मग मूळ दुखणे बाजूला राहते आणि औषध मिळते ते गप्प पडून राहण्याचे. माझा मामेभाऊ आठवडाभर कानावर थपडा मारून घेत होता. एका दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या मिळाल्या. पुढे कानातून पू वाहू लागला, तेव्हा उलगडा झाला. मामी पहिल्या दिवसापासून सांगत होती, "डॉक्टरसाहेब, हा असं कधी करत नाही हो." माझ्या मते निम्मे निदान त्या वाक्यातच होते!

इंग्लंडमध्ये याची रीतसर चौकशी झाली. २०१३ च्या अहवालानुसार असे पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे, तर स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावत होत्या.

लंडनच्या सेंट जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात प्रा. शीला हॉलिन्स यांनी यावर नामी उपाय योजला. बौद्धिक अक्षमता असलेले नटच रोग्याच्या भूमिकेत विद्यार्थ्यांसमोर बसू लागले. तेथे विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. सोबतच्या माणसाकडे न वळता आधी रोग्याशी बोलायचे. एका वेळी एकच लहानसा प्रश्न विचारायचा, लागल्यास चित्र दाखवायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. (हे थांबणेच अवघड; आम्हा मित्रांना गप्पांतही ते साधत नाही!) नळी छातीला लावण्यापूर्वी ती त्याच्या हातात द्यायची. मग घरच्यांना विचारायचे, "नेहमीपेक्षा वेगळे काय दिसते?" आणि दात, कान, पोट तपासल्यावाचून वागणुकीला दोष द्यायचा नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४७ व्या कलमाने डॉक्टर व परिचारिकांच्या शिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय घालण्यास सांगितले आहे. पण तो केवळ व्याख्यानात उरकला, तर आमच्यासारखेच तेही बुद्ध्यंकाचे आकडे पाठ करतील. जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळा आहेत. भावी डॉक्टरांनी तेथे आठ दिवस मुलांसोबत जेवावे, खेळावे. कोणते मूल दुखले की काय करते, हे तेथील बाई त्यांना सहज सांगतील.