मोडेम कुठे अडतो?

‘56 के’ मोडेम दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला 56 किलोबिट माहिती उतरवू शकतो, असे 1998चे व्ही.90 मानक सांगते. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीची मर्यादा मात्र 33.6 किलोबिटच. प्रत्यक्षात उतरण्याचा वेग 44 मिळाला तरी जोडणी चांगली समजावी. त्या वेगाने 1 मेगाबाइटच्या फाइलला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तो बिघाड नव्हे.

विंडोज 98मध्ये घड्याळाशेजारच्या दोन छोट्या संगणकांच्या चिन्हावर माउस नेला की वेग दिसतो. तिथे 1,15,200 हा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नये. तो संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग असतो, तारेवरचा नव्हे. बहुधा मोडेमचा स्वतःचा ड्रायव्हर न बसता विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसलेला असतो. सोबतच्या सीडीवरून तो बदलावा.

आकडा 28.8च्या आसपास अडकला तर संशय तारेवर घ्यावा. रिसीव्हर उचलून एकच अंक दाबावा. डायल टोन थांबतो आणि खरखर असेल तर स्पष्ट ऐकू येते. मग समांतर फोन आणि लांबलचक एक्स्टेन्शन काढून मोडेम थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडून पाहावा. तरीही खरखर राहिली तर दोष घराबाहेरचा. लाइनमनला बोलावण्यावाचून इलाज नाही.

वेग ठीक, पण जोडणी मध्येच तुटते? आधी कॉल वेटिंग बंद करावे.