विमानाचें अंतर आणि शेतमालाचा वेळ

विमानें आतां जिल्ह्याच्या गांवींही उतरूं लागल्यामुळें नाशवंत माल त्यांतून धाडावा कीं काय, असा प्रश्न बागाईतदार बंधूंस पडणें साहजिक आहे. त्याचा विचार आम्ही नांदेड व हैदराबाद या दोन विमानतळांच्या उदाहरणानें करूं इच्छितों. ‘उडान’ योजनेंतील पहिल्या विमानसेवांचा आरंभ २७ एप्रिल २०१७ रोजीं झाला. त्यांत नांदेड-हैदराबाद ही एक होती.

प्रथम अंतर पाहूं. नांदेडचा विमानतळ १९.१८ अक्षांशावर व ७७.३२ रेखांशावर आहे. हैदराबादचा, म्हणजे शमशाबादचा, १७.२४ व ७८.४३ वर. अक्षांशाचा एक अंश सुमारें १११ किलोमीटर. सबब दक्षिणोत्तर अंतर २१५ झालें. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आखूड होत जातो. या भागांत तो सुमारें १०६ किलोमीटर भरतो. सबब पूर्वपश्चिम अंतर ११८. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण २४५ किलोमीटर येतो. हेंच विमानाचें सरळ अंतर होय.

आतां वेळ. अशा मार्गावरील पंख्याचें लहान विमान ताशीं सुमारें ५०० किलोमीटर जातें. म्हणजे हिशेबानें अर्धा तास. परंतु धांवपट्टीपर्यंत जाणें, वर चढणें व उतरण्यासाठीं वेग कमी करणें यांत वेळ जातो. म्हणून एक तास धरावा. मळ्यापासून विमानतळ एक तास, तपासणी व भरणी दोन तास, उतरवणी एक तास, शमशाबादेहून शहरांतील बाजार एक तास असें धरिल्यास एकूण सहा तास होतात. रात्रीं निघालेला ट्रकही सहा-सात तासांत पोंचतो, आणि मालाची चढउतार एकदांच होते. केळ्यासारख्या जड व दबणाऱ्या मालास तर ट्रकच बरा.

दिल्लीची गोष्ट निराळी. नांदेडहून ती सरळ रेषेंत सुमारें १,०४० किलोमीटर आहे. ट्रकास एका अहोरात्राहून अधिक वेळ लागतो. थेट विमान असल्यास वरील सर्व खोळंब्यांसह सात-आठ तास पुरतात. तोडलेल्या फुलांस एवढा फरक म्हणजे भाव मिळणें किंवा माल फेंकून देणें.

तथापि दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. उन्हाळ्यांत तापलेली हवा विरळ होते व विमानास कमी वजन उचलतां येतें. अशा वेळीं उतारू व त्यांचें सामान आधीं जातें आणि माल मागें राहूं शकतो. दुसरें असें कीं, २०१७ सालीं नांदेडची ती सेवा सुरू करणाऱ्या कंपनीचीं उड्डाणें २०२२ सालीं थांबलीं. गुलाबाची लागवड कित्येक वर्षें चालते. वेळापत्रक तितकें टिकेलच असें नाहीं. म्हणून केवळ विमानाच्या भरंवशावर कर्ज काढून लागवड करूं नये. जवळच्या बाजारांतही जो माल खपेल तोच लावावा, आणि विमान मिळाल्यास तो वरकड लाभ समजावा, असें आमचें मत आहे.